ॲश उशिरा का पोचला?

टिटवाळ्यात वाढलेल्या मुलांना शकुंतला शाळेच्या पुस्तकाआधी भेटते. कण्व मुनींचा आश्रम आमच्या गावात होता. दुष्यंत शकुंतलेला विसरला तेव्हा कण्वांनी तिला गणपतीची आराधना करायला सांगितली. तो गणपती म्हणजे तळ्याकाठचा आमचा महागणपती. पुढे थोरल्या माधवरावांच्या काळात तळं उपसताना गाळात बुडालेलं देऊळ सापडलं, हा गोष्टीचा उत्तरार्ध. लग्न जमत नसेल, किंवा जमलेलं मोडायच्या बेतात असेल, तर या गणपतीला यावं असं म्हणतात. त्यामुळे मंगळवारी लोकलमधून उतरणाऱ्या कित्येक पिशव्यांत नारळाच्या जोडीला पत्रिकाही असते.

मोठेपणी महाभारत वाचलं तेव्हा कळलं, की शकुंतलेच्या गोष्टीत टिटवाळा नाही आणि आमचा गणपतीही नाही. तिथे कण्वांचा आश्रम मालिनी नदीच्या काठी आहे. तो आपल्याकडेच होता असं उत्तराखंडात कोटद्वारचे लोक सांगतात, जळगावजवळच्या कानळद्याचे लोकही सांगतात. पण खरा धक्का वेगळाच होता. महाभारतातला दुष्यंत काहीही विसरलेला नाही. त्याला सगळं आठवतंय, आणि तरी तो भर दरबारात शकुंतलेला ओळख देत नाही. ती त्याला खडे बोल सुनावते, आकाशवाणी होते, मग तो कबूल करतो. दुर्वासांचा शाप आणि हरवलेली अंगठी महाभारतात नाहीत, कालिदासाच्या नाटकात आहेत. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं ते कालिदासावरून, त्यामुळे मराठी माणसाच्या डोक्यात पक्की बसली ती विसरलेल्या राजाची गोष्ट.

विस्मरण लेखकाच्या फार सोयीचं असतं. त्यामुळे राजा खोटारडा ठरत नाही आणि शकुंतलाही खोटी पडत नाही. एकमेकींना छेद देणाऱ्या दोन हकिकती एका गोष्टीत सुखाने नांदतात. ही सोय माझ्या लक्षात आली ती मात्र कालिदासामुळे नाही, पोकेमॉनमुळे.

२००५ साली आमच्या घरी एक जुना कॉम्प्युटर आला. मी दहा वर्षांचा, ताई सोळाची. पोकेमॉन आम्हाला माहीत होता तो टीव्हीवरचा, हिंदी बोलणारा. चिप्सच्या पाकिटांतले टाझो आम्ही वर्गात बाकाखाली बदलत असू. हा सगळा पसारा मुळात एका व्हिडिओ गेममधून निघालाय, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. जपानमध्ये गेम आला फेब्रुवारी १९९६मध्ये आणि कार्टून सुरू झालं एप्रिल १९९७मध्ये. आमच्यापर्यंत ते उलट्या क्रमाने पोचलं. ताईने कल्याण स्टेशनबाहेरून पन्नास रुपयांना एक सीडी आणली, तीत गेमबॉयची नक्कल करणारं एक सॉफ्टवेअर होतं आणि शंभरेक गेम. त्यांत ‘पोकेमॉन रेड’ सापडला.

गेम सुरू झाला की प्रोफेसर ओक तुमचं नाव विचारतात. नाव सात अक्षरांत बसवायचं. मग टेबलावर तीन चेंडू: बल्बासॉर, चारमँडर, स्क्विर्टल. यांतला एक घ्यायचा.

“पिकाचू कुठाय?” मी विचारलं.

“इथे पिकाचू देत नाहीत. इथे आपण ठरवायचं,” ताई म्हणाली, आणि तिने बल्बासॉर घेतला. माझ्या वर्गात बल्बासॉर कुणालाच आवडायचा नाही. तिने त्याचं नाव ठेवलं ‘भोपळा’. पुढच्या दोन महिन्यांत तो भोपळा वाढून अवाढव्य झाला तरी नाव तेच राहिलं. गेमने ते कधी बदललं नाही.

मग एका दुपारी ती क्लासला गेली असताना मी कॉम्प्युटर लावला, नवीन गेम सुरू केला, माझं नाव घातलं, चारमँडर घेतला आणि अर्ध्या तासाने सेव्ह करायला गेलो. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला. मी मराठी शाळेतला. ‘यस’ एवढं वाचता येत होतं, ते दाबलं. सेव्ह करायला जागा एकच असते आणि जुनी फाइल पुसली जाईल, चालेल का, असं तो गेम विचारत होता, हे मला नंतर समजलं. ताईला मी सांगितलं, लाइट गेली आणि फाइल उडाली. त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग इतकं होतं, की या थापेला पुरावा लागत नव्हता. ती काही बोलली नाही. मी चौथ्या दिवशी ब्रॉकला हरवलं. ब्रॉककडे दगडाचे पोकेमॉन, त्यांच्यापुढे आगीचा चारमँडर नेणं म्हणजे हट्टच. ही मर्दुमकी मी पुढे पंधरा वर्षं सांगत आलो.

रोल-प्लेइंग गेमवरून काढलेले ॲनिमेशनपट मी पहिल्यांदा नीट विचार करून पाहिले तेव्हा मला सतत ती पुसलेली फाइल आठवत होती. असा प्रत्येक सिनेमा कुणाची तरी फाइल पुसतो. पुसण्यापूर्वी विचारतोच असं नाही.

या जातीच्या खेळांचा जन्म कॉम्प्युटरवर नाही, टेबलाभोवती झाला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. त्यात एकजण गोष्ट चालवतो आणि बाकीचे एकेक पात्र होतात. समजा एखाद्याने राक्षसावर तलवार उगारण्याऐवजी त्याला जेवायला बोलावलं, तर गोष्ट चालवणारा तिथल्या तिथे पुढचं रचतो. समोरची मंडळी बघून आख्यान लांबवणाऱ्या-आवरणाऱ्या कीर्तनकाराशी त्याचं नातं आहे. कॉम्प्युटरला हे जमत नाही. त्याच्याकडे आधी लिहून ठेवलेलं असतं तेवढंच. १९८६च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये युजी होरी यांनी या मर्यादेचाच विनोद केला. तुम्ही राजकन्येला सोडवता, ती विचारते, मला घेऊन जाल ना? उत्तरं दोन, हो आणि नाही. नाही म्हटलं की ती दुखावते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते. शंभर वेळा नाही म्हणा, एकशे एकाव्यांदा तोच प्रश्न. कांदेपोह्यांच्या बैठकीत “मुलगा पसंत आहे ना?” असं ज्या सुरात विचारतात, तोच हा सूर. त्याच गेममध्ये शेवटचा खलनायक अर्धं जग देऊ करतो. ते घेतलंत तर मात्र खेळ तिथेच संपतो. म्हणजे एक निवड खोटी, दुसरी प्राणघातक.

तरीही हे खेळ खेळणाऱ्याला आपण मोकळे होतो असं वाटतं, आणि तो भ्रम आहे म्हणून सोडून देणं मला पटत नाही. आपल्याकडच्या मोक्षपटाचं जनकत्व परंपरेने ज्ञानेश्वरांना दिलंय. त्यात तर खेळणाऱ्याच्या हाती काहीच नाही. दान पडेल तसं चढायचं, साप गिळेल तिथून उतरायचं. तरी पोर ओरडतं ते “मी वर गेलो!” असंच. वाटा किती आहेत यापेक्षा चालणारा ‘मी’ आहे, ही गोष्ट खेळात मोठी असते. सिनेमा वाटा कमी करतो हे खरं, पण खेळणाऱ्याला डाचतं ते वेगळं: सिनेमा हा ‘मी’ काढून तिथे ‘तो’ घालतो.

यावर निर्मात्यांनी काय काय करून पाहिलं? ‘फायनल फँटसी’चे जनक हिरोनोबू साकागुची यांनी होनोलुलूमध्ये स्टुडिओ थाटून ‘द स्पिरिट्स विदिन’ काढला. नायिकेच्या डोक्यावरचे साठ हजार केस कॉम्प्युटरने एकेक करून हलवले. २००१ साली तो आला. खर्च सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर, जगभरची कमाई साडेआठ कोटींच्या आसपास. स्टुडिओ बंद पडला. त्यात गेममधलं जवळपास काहीच नव्हतं. कुणाचीच फाइल पुसली जाऊ नये म्हणून त्यांनी कुणाच्याच गोष्टीला हात लावला नाही, असं म्हणता येईल. मग लोकांनीही सिनेमाला हात लावला नाही.

चार वर्षांनी त्याच घराण्यातून ‘ॲडव्हेंट चिल्ड्रेन’ आला. तो ‘फायनल फँटसी ७’ संपल्यानंतर दोन वर्षांनी घडतो. १९९७च्या त्या गेममध्ये तुमच्या बारीकसारीक उत्तरांवरून ठरतं, की नायकाबरोबर पाळण्यात कोण बसणार. चार जणांपैकी कुणीही बसू शकतं, एक दांडगा बाप्यासुद्धा. पण एअरिथ मरते ती मरतेच, तुम्ही काहीही केलंत तरी. तिला जिवंत करायची गुप्त युक्ती आहे, अशा अफवा खेळणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरत राहिल्या. सिनेमाने शहाणपणा केला आणि पाळण्याचा विषय काढलाच नाही. तो एअरिथच्या मरणाभोवती फिरला, कारण ते एकच दुःख सगळ्यांच्या फायलींत सारखं होतं. सिनेमा म्हणून तो मला गोंधळाचा वाटतो, पण ही जागा त्याने अचूक हेरली.

२०१२ साली ‘ड्रॅगन एज’ आणि ‘मास इफेक्ट’वरून निघालेले दोन ॲनिमेशनपट उलट दिशेला गेले, दुय्यम पात्रांकडे. ‘मास इफेक्ट’चा नायक पुरुष की बाई हेही खेळणारा ठरवतो, त्यामुळे त्याला पडद्यावर आणायची हिंमत झाली नसावी. त्याच वर्षी तिसऱ्या ‘मास इफेक्ट’च्या शेवटावरून असं रण पेटलं, की कंपनीला काही महिन्यांत वाढीव शेवट द्यावा लागला. आपण पाच वर्षं घेतलेल्या निर्णयांचं काय झालं, असा खेळणाऱ्यांचा सवाल होता.

मला यांतला सगळ्यात सरळ मार्ग वाटतो तो ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’चा, पण तो व्हिडिओ गेमवरून निघालेला नाही. जपानमध्ये १९८६च्या सुमारास काही मित्र टेबलाभोवती खेळले, ते खेळणं एका मासिकात संवादांसकट छापून आलं, त्याची कादंबरी झाली, १९९०मध्ये ॲनिमेशन मालिका झाली. तिच्यातली डीडलिट ही नाजूक वनकन्या मूळ खेळात हिरोशी यामामोतो नावाचा एक पुरुष लेखक खेळत होता. तिथे आधी मोकळीक होती आणि तिच्यातून गोष्ट तयार झाली. पुसायला दुसऱ्या कुणाची फाइलच नव्हती.

आता पोकेमॉन. मालिकेच्या पहिल्या भागात ॲश झोपून राहतो. धावतपळत प्रयोगशाळेत पोचतो तोवर तिन्ही चेंडू रिकामे झालेले असतात. उरतो एक चिडका पिकाचू. लहानपणी मला ॲश गबाळा वाटायचा. आता वाटतं, त्या उशिरा येण्यात मोठी सभ्यता होती. त्याने बल्बासॉर घेतला असता तर चारमँडरवाली सगळी मुलं खोटी पडली असती. उशीर करून त्याने टेबल आमच्यासाठी सोडलं. तीन चेंडू कुणी नेले? तुम्ही, मी, ताईने. पुढे हीच उसनवारी गेमने परत केली. १९९८च्या ‘पोकेमॉन यलो’त सुरुवातीला निवडच नाही, पिकाचूच मिळतो, तुमच्या मागे-मागे चालतो, आणि मालिकेत मिळतात तसे बाकीचे तिघेही वाटेत मिळतात. खेळणाऱ्यांनी एका निवडीवर पाणी सोडलं आणि बदल्यात सोबत घेतली. तक्रार कुणी फारशी केली नाही. स्वातंत्र्य नेहमीच सगळ्यांत आधी हवं असतं असं नाही, हेही या इतिहासात नोंदवायला हवं.

आणि १९९८चाच पहिला पोकेमॉन सिनेमा. गेममध्ये म्यूटू शेवटच्या गुहेत उभा असतो. त्याच्याबद्दल कळतं ते एका जळक्या वाड्यात पडलेल्या डायरीच्या मोजक्या नोंदींतून. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवता: पकडा, हरवा, नाहीतर गुहेत जाऊच नका. पटकथाकार ताकेशी शुदो यांनी त्या चार ओळींतून एक असं पोर उभं केलं ज्याला कुणी विचारून जन्माला घातलेलं नाही आणि जे सगळ्यांना त्याचा जाब विचारतं. निवडीचा हक्क नसलेल्या प्राण्याची गोष्ट, निवडीच्या खेळातून. पण मला भावतो तो शेवट. लढाई थांबते, ॲश दगड होऊन पुन्हा माणूस होतो, आणि म्यूटू जाताना सगळ्यांची आठवण पुसून टाकतो. ॲश आणि मित्र धक्क्यावर उभे आहेत, आपण इथे का आलो हे कुणालाच ठाऊक नाही.

लहानपणी हा शेवट मला फसवणूक वाटला होता. आता त्यात दुर्वास दिसतात. जे पाहिलं ते घडलं, पण कुणाला आठवत नाही. म्हणजे तुमच्या गेममधल्या गुहेत म्यूटू अजून उभा आहे आणि निर्णय अजून तुमचाच आहे. सिनेमाने आपली फाइल आपणच पुसली, तुमची राहू दिली.

‘ड्रॅगन क्वेस्ट: युअर स्टोरी’ने नेमकं याच्या उलट केलं. मूळ गेम ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’, सप्टेंबर १९९२चा. त्यात तुम्ही लहानाचे मोठे होता, आणि अध्यावर लग्नाचा प्रश्न येतो: बालमैत्रीण बियांका की श्रीमंताची लेक फ्लोरा? एका रात्रीची मुदत. बियांकाला निवडलं तर मुलं सोनेरी केसांची होतात, फ्लोराला निवडलं तर निळ्या. आणि दंतकथेतला वीर तुम्ही नसताच, तुमचा मुलगा असतो. २००८च्या आवृत्तीत तिसरी आली: डेबोरा, फ्लोराची थोरली बहीण, तोंडाळ आणि मानी.

२०१५मध्ये हा गेम इंग्रजीत मोबाइलवर आला. फोन उभा धरून एका हाताने खेळता येतो. दुसऱ्या हाताने डब्यातली कडी धरता येते. ताई तेव्हा ठाण्याला नोकरी करायची. सकाळच्या गाडीत, बायकांच्या डब्यात, उभ्याने तिने तो पुरा केला. त्याच वर्षी तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि आई तिला मंगळवारी देवळात पाठवायची. देवळातून येताना ती एकदा म्हणाली, “शकुंतलेने देवाकडे मागून मागून काय मागितलं, तर विसरणारा नवरा परत.” गेममध्ये तिने कुणाला निवडलं, असं मी विचारलं. डेबोराला. का? “मोठी आहे म्हणून तिला कुणी विचारतच नाही.” पुढे दोन वर्षांनी तिने स्वतः ठरवून लग्न केलं आणि पुण्याला गेली.

ताकाशी यामाझाकींनी लिहिलेला आणि सहकाऱ्यांसह दिग्दर्शित केलेला ‘युअर स्टोरी’ जपानमध्ये ऑगस्ट २०१९मध्ये आला आणि फेब्रुवारी २०२०मध्ये नेटफ्लिक्सवर. मार्चअखेर लोकल बंद, मी टिटवाळ्यात, ती पुण्यात. फोन चालू ठेवून आम्ही एकाच वेळी प्ले दाबलं.

नायक ल्युका आधी फ्लोराला मागणी घालतो, मग मन पालटून बियांकाकडे जातो. डेबोरा सिनेमात नाहीच. “माझी बायको गायब,” ताई म्हणाली. मुलं होतात, गेममध्ये जुळी, एक मुलगा, एक मुलगी. सिनेमात फक्त मुलगा. “आणि मुलगी कुठे गेली?” मग शेवट. खलनायकाच्या जागी एक कॉम्प्युटर व्हायरस अवतरतो, जग गोठतं, रंग उडतात, आणि कळतं की ल्युका म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीच्या यंत्रात बसलेला एक मोठा माणूस आहे, लहानपणीचा आवडता गेम पुन्हा अनुभवायला आलेला. व्हायरस त्याला आता मोठा हो म्हणून टोचतो. ल्युका व्हायरसला हरवतो, हे सगळं माझ्यासाठी खरंच होतं असं सांगतो. पण तोवर व्हायचं ते झालेलं असतं. जपानी प्रेक्षक या शेवटावर प्रचंड चिडले आणि मला त्यांचा राग समजतो. नावात ‘तुमची गोष्ट’ म्हणायचं आणि तुम्ही कोण हे मात्र दिग्दर्शकाने सांगायचं.

पण सिनेमात एक बारीक जागा आहे, जिथे मी थांबलो. यंत्रात बसण्यापूर्वी तो माणूस सांगतो, की मी दर वेळी बियांकालाच निवडतो, या वेळी फ्लोराला निवडायचंय, आणि मनावर तशी सूचना बसवून घेतो. तरी आत गेल्यावर बियांकाकडेच जातो. हे स्वातंत्र्य की सवय? ठरवून केलेली निवड मोडून जे होतं ते जास्त आपलं, की कमी? अख्खा सिनेमा या प्रश्नावर उभा राहू शकला असता. यामाझाकींनी तो दोन मिनिटांत उरकला.

मी हे ताईला सांगत होतो. ती म्हणाली, “त्यात काय, त्याला बियांका आठवत होती. सूचना देऊन विसरता येतं होय?”

का कोण जाणे, पण मला तेव्हा सांगून टाकावंसं वाटलं. “ताई, २००५ची तुझी ती फाइल लाइट गेल्यामुळे उडाली नव्हती.”

“माहितीये.”

“कसं?”

“अरे, गेम लावला की कंटिन्यूपाशी नाव येतं खेळणाऱ्याचं. माझं जाऊन तुझं आलं होतं. लोडशेडिंगला तुझं नाव कुठून ठाऊक?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू चारमँडर घेऊन बसला होतास. ब्रॉकसमोर कसा टिकणार होतास? तू झोपलास की मी लावायचे. तीन रात्री त्याला व्हिरिडियनच्या जंगलात फिरवला, तेव्हा कुठे त्याच्या अंगात जोर आला.”